शेवटून पहिले

आमच्या सायकल शर्यत संघटनेत पदाधिकारी अकरा आहेत, सायकली नऊ आहेत आणि हवा भरायचा पंप एक होता. दोन उपाध्यक्षांना गुडघ्यांमुळे सायकल वर्ज्य आहे. ते मोटरसायकलवर मागून येतात, आणि त्यांच्या हँडलला पोह्यांचा डबा टांगलेला असतो. तर्री वेगळ्या थर्मासमध्ये. शर्यत म्हणून निघालेली कोणतीही मोहीम हा डबा जिथे उघडतो तिथे संपते. मी सहसचिव, म्हणजे इतिवृत्ताची वही माझ्याकडे. वहीच्या पहिल्या पानावर कोषाध्यक्षांच्या नातवाने स्केचपेनने मोठा वाघ काढला आहे, त्यामुळे संघटनेच्या स्थापनेची तारीख वाघाच्या पोटात गेली. चंद्रपूर जिल्ह्यात हे कारण कोणीही मान्य करतं.

संघटनेला अजून नाव नाही. नाव ठरवायला पहिली सभा भरली, तेव्हा 'चंद्रपूर-गडचिरोली' म्हणायचं की 'गडचिरोली-चंद्रपूर', यावर तीनदा चहा झाला. चंद्रपूरकरांचं म्हणणं असं, की २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होतं, तेव्हा थोरल्याचं नाव आधी. गडचिरोलीकर म्हणाले, "वाटनी झाली ना जी? मंग आता थोरला-धाकला कायचा? जंगल आमच्याकडं जास्त हाये." त्यावर चंद्रपूरचा एक जण पटकन म्हणाला, "अन् वाघ आमच्याकडं." मग दोन्ही बाजू जरा वेळ गप्प बसल्या. जास्त वाघ ही सायकल संघटनेच्या जमेची बाजू की खर्चाची, हे कोणालाच सांगता येईना.

हसू नका. जगभरातल्या सायकलिंगचा कारभार पाहणारी यूसीआय ही संघटना अशाच भांडणातून जन्मली. तिच्या आधी १८९२ पासून एक आंतरराष्ट्रीय संघटना होती. ब्रिटनचा एकच संघ धरायचा की इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स असे वेगवेगळे धरायचे, यावरून तिथे वाजलं. मग फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड आणि अमेरिका यांनी एप्रिल १९०० मध्ये पॅरिसला वेगळी चूल मांडली. त्यांनी निदान चूल तरी मांडली. आमच्याकडे चहाची शेगडी कोणत्या जिल्ह्यात ठेवायची इथपासून तयारी होती. शेवटी बैठका व्याहाडला घ्यायचं ठरलं. व्याहाडहून पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. गडचिरोलीकरांची तक्रार की आम्हालाच पूल ओलांडावा लागतो, चंद्रपूरकरांची तक्रार की आम्हाला मूल आणि सावली मागे टाकून इतक्या दूर यावं लागतं. दोघांचीही तक्रार आहे, त्या अर्थी जागा बरोबर निवडली, असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांनी आयुष्यभर तलाठ्याची नोकरी केली आहे.

'हौशी' या शब्दावर मात्र एकमत झालं. बाकी जगात हा शब्द सायकलिंगमधून जवळजवळ हद्दपार झाला आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून व्यावसायिकांनाही दार उघडलं, आणि हौशी कोण, धंदेवाईक कोण, हा घोळ तिकडे मिटला. आपल्याकडे तो शब्द जिवंत राहिला तो राज्य नाट्य स्पर्धेमुळे. हौशी मराठी नाट्य स्पर्धेचं एक केंद्र चंद्रपूरला असतं. त्यामुळे 'हौशी' एवढंच वाचून दोन माणसं आमच्याकडे नाटक समजून आली. त्यातल्या एकाने पहिल्याच सभेत विचारलं, "माझं पात्र कोनतं?" त्याला सचिव केलं. तो अजून ते पात्र उत्तम वठवतो आहे.

हौशीची व्याख्या वहीत आहे. ज्याला सायकल चालवण्याची काही गरज नाही तो हौशी. गरजेपोटी चालवतो तो सायकलवाला, हौसेपोटी चालवतो तो सायक्लिस्ट. वेगाचा इथे संबंध नाही. पहाटे आम्ही बल्लारपूरच्या रस्त्याला लागतो तेव्हा खाणीच्या पहिल्या पाळीला निघालेला माणूस, हँडलला टिफिन, कॅरिअरवर रेनकोट, गालात खर्रा, अशा थाटात आमच्या शेजारी येतो. आमच्या चकचकीत सायकलींकडे बघतो आणि काळजीने विचारतो, "चेन उतरली का जी?" आम्ही त्या वेळी पूर्ण जोर लावत असतो.

संघटना म्हटली की परंपरा हवी. आम्ही शोधली. भारतीय सायकल शर्यतींच्या मुळाशी जानकीदास आहेत. होय, तेच, जुन्या हिंदी सिनेमात लबाड मुनीम, कंजूष मामा असं काहीबाही करणारे. १९३८ साली सिडनीच्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये ते सायकलपटू म्हणून उतरले होते. पुढे त्यांनी आणि मुंबईच्या सोहराब भूत यांनी खटपट करून १९४६ साली देशाची सायकल संघटना उभी केली, आणि दोनच वर्षांनी लंडन ऑलिम्पिकला भारताचा सायकल संघ गेला. त्यात मुंबईची पारशी मंडळी भरपूर होती. पारशांचं आणि सायकलचं जुनंच सूत. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर पृथ्वी हिंडायला निघाले. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघं १९२८ साली फेरी पुरी करून परतले. १९६४ च्या टोकियोनंतर मात्र ऑलिम्पिकच्या सायकल शर्यतीत भारत दिसलेला नाही. ही माहिती मी सभेत वाचून दाखवली, तेव्हा कोषाध्यक्षांना एकच गोष्ट भावली. "म्हणजे सायकलवाला सिनेमात जाऊ शकते," ते म्हणाले, आणि सचिवाकडे नव्या आदराने बघू लागले.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. १९४० च्या दशकातली ही शर्यत, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पण तिचा दरारा कायम. खंडाळ्याचा घाट जो पहिला चढेल त्याला 'घाटांचा राजा' हा किताब. आम्हीही तसा किताब ठेवावा, अशी सूचना आली. वहीत तिच्यापुढे 'एकमताने नामंजूर' लिहिलेलं आहे. कारण आमच्याकडे घाट म्हणजे चढ नाही, घाट म्हणजे रेतीघाट. वैनगंगा, वर्धा, इरई, सगळ्यांना असे घाट आहेत, त्यांचे लिलाव होतात, आणि लिलाव झाला नाही तरी रात्री ट्रॅक्टर चालतात. चंद्रपूर जिल्ह्यात एखाद्याला जाहीर कार्यक्रमात 'घाटांचा राजा' म्हणून फेटा बांधला, तर दुसऱ्या दिवशी महसूलची गाडी त्याच्या दारात उभी राहील.

खरं सांगायचं तर आमच्या भागात शर्यती संघटनेच्या कितीतरी आधीपासून होत्या. फक्त त्यांना कोणी शर्यत म्हणत नव्हतं. मी शिकलो ती भाड्याची सायकल, तासाला पन्नास पैसे. दुकानदार वहीत वेळ लिहायचा आणि आपण मिनिटामिनिटाचे पैसे वसूल करायला जीव काढायचो. सीटवरून पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची. कैचीवर वेग येतो, पण थांबता येत नाही. थांबण्यासाठी आमच्या पेठेत एक ठरावीक भिंत होती. कमरेत वाकडा झालेला एखादा माणूस दिसला की तो कैचीवर शिकला असणार, असं मी अजूनही समजतो. त्या काळी अॅटलसची सायकल घरात येणं म्हणजे सून आल्यासारखं. हळद-कुंकू, नारळ, सगळं. त्याच अॅटलसने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. एवढा अचूक मुहूर्त आमच्या पेठेतल्या भटजींनाही काढता आला नसता.

दुसरी शर्यत झाडीपट्टीतल्या नाटकांची. वडशाकडच्या गावात नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि पहाटे संपतं. दिवाळीनंतर मंडई भरली की दहा-पंधरा किलोमीटरवरून माणसं सायकलीने येत. एक चालवायला, एक दांडीवर, एक कॅरिअरवर, आणि तिघांत मिळून एक घोंगडं. परतताना पहाटेची थंडी, डोळ्यांत झोप आणि डोक्यात नाटकातलं गाणं. सहा वाजता धानाच्या खळ्यावर हजर राहायचं असे, म्हणून सगळे सुसाट सुटत. कोणी समोरच्या खाचरावर गेलं तर गेलं. काही शहाणे बैलगाडीच्या मागच्या दांड्याला हात लावून फुकट ओढत जात. याला आम्ही लबाडी म्हणत नसू. 'तूर द फ्रान्स'चा इतिहास वाचल्यावर मला फार धीर आला. १९०३ ला ती शर्यत एका वर्तमानपत्राने आपला खप वाढवायला सुरू केली, आणि दुसऱ्याच वर्षी इतक्या लबाड्या झाल्या की पहिल्या चारही क्रमांकांना बाद करावं लागलं. पाचव्या आलेल्या ऑन्री कॉर्ने या एकोणीस वर्षांच्या पोराला विजेता जाहीर केलं. आरोपांच्या यादीत मोटारी आणि आगगाड्याही होत्या. आमच्या बैलगाड्या त्या मानाने सात्त्विक.

आणि तिसरा, आमच्या पिढीचा खरा सायकलवीर म्हणजे सात दिवस सायकल चालवणारा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना आता समजावणं कठीण आहे. गावाच्या मैदानात एक गोल आखायचा, मध्ये बांबू, बांबूवर भोंगा, आणि त्या गोलात एक किडकिडीत माणूस सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरता फिरत राहणार. तो सायकलवर जेवायचा. सायकलवर दाढी करायचा, एका हाताने आरसा धरून. सायकलवर आंघोळ करायचा, आणि ते पाहायला गर्दी सगळ्यात जास्त. बाया त्याला भाकरी देत, पोरं त्याच्या मागून पळत, तो मध्येच दातांनी ट्यूबलाइट फोडे, जमिनीवरची दहाची नोट तोंडाने उचले. रात्री दोन वाजता तो काय करतो, हे बघायला मी एकदा घरातून पळून गेलो होतो. भोंगा बंद होता. मैदानात कोणी नव्हतं. तो चालवतच होता, आणि मला बघून त्याला राग आल्यासारखा वाटला. माझ्यामुळे त्याला उतरता येत नव्हतं की काय, ही शंका मला पुढे पन्नाशीत आली.

त्याची आठवण पुन्हा आली ती २०१७ ला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,९०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत, अशी 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत असते. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी ती २०१५ ला जोडीने पुरी केली होती. २०१७ ला लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी एकेकट्याने पुरी केली. समर्थांना ११ दिवस २१ तास लागले. नागपूर म्हणजे आपलंच, या हिशेबाने आम्ही व्याहाडला पेढे वाटले. बातमी वाचून झाल्यावर आमचे एक सभासद विचारात पडले. "अमेरिका अकरा दिवसांत? रस्त्यात एकही सोयरा रायत नसल." हे मी थट्टा म्हणून लिहिलेलं नाही. चंद्रपूरहून गडचिरोली ऐंशी किलोमीटर, आणि त्या ऐंशीत ह्या सभासदाची सात गावं सोयऱ्यांची आहेत. त्याचा विक्रम दोन दिवसांचा आहे, त्यात एक मुक्काम आणि एक तेरवी धरून.

परंपरेत एक नाव असं आहे, की ते काढलं की आमची सगळी सभा सरळ बसते. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात भारत जोडो काढलं. कन्याकुमारी ते काश्मीर, पाच हजारांवर किलोमीटर, तरुण मुलं-मुली सायकलींवर. तीन वर्षांनी दुसरं, इटानगरपासून ओख्यापर्यंत. पाठीच्या दुखण्याने बाबांना बसता येत नव्हतं, ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. आपल्या जिल्ह्यातून निघालेली सगळ्यात मोठी सायकल मोहीम जो माणूस घेऊन गेला, त्याला स्वतःला सायकलवर बसणं शक्य नव्हतं. आमच्या दोन्ही उपाध्यक्षांनी या गोष्टीचा आधार घेऊन आपली पदं टिकवली आहेत. मला तो आधार पटत नाही. बाबांच्या गाडीत पोह्यांचा डबा नव्हता.

आता शर्यत घ्यायची ठरली. रस्ता निवड समिती नेमली, तारीख निवड समिती नेमली, आणि आमची खरी कसोटी सुरू झाली.

तारखेचं बघा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला जातो. डांबर टायरला चिकटून वर येतं, आणि शर्यत संपल्यावर रस्ता कोणाच्या चाकाला किती गेला याचा हिशेब करावा लागेल. जून ते सप्टेंबर पाऊस. भामरागडकडे पर्लकोटेचा पूल पाण्याखाली जातो तेव्हा तिकडचे सभासद संघटनेतून आपोआप निलंबित होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर धान कापणी. डिसेंबर-जानेवारी मंडई, नाटकं आणि शंकरपट, पहाटे कोणी जागा सापडत नाही. फेब्रुवारी लग्नं. मार्च परीक्षा आणि मार्च एंड, आमचे चार पदाधिकारी बँकेतले. एप्रिल मोहफुलांचा.

मोहाच्या दिवसांबद्दल एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगतो. वाघाचे विनोद आम्ही करतो, पण पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला किंवा तेंदूपत्त्याला जाणारी बाई ते करत नाही. दर हंगामात त्यातली काही माणसं परत येत नाहीत. त्या दिवसांत त्या रस्त्यांवर रंगीत कपडे घालून हौस फिरवायला जाऊ नये, हे आम्ही न ठरवता ठरवलं.

रस्त्याचं सांगायचं तर एका बाजूला कोळशाचे ट्रक, दुसऱ्या बाजूला सूरजागडच्या लोहखनिजाचे. मधला रस्ता मोकळा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल. तिथली परवानगी घ्यायला आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की स्पर्धकांकडून वन्यप्राण्यांना कोणताही त्रास होणार नाही असं हमीपत्र सादर करावं. आम्ही कळवलं की आम्ही हमी देतो, पण समोरच्या पक्षाकडूनही अशीच हमी घ्यावी. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. एका सभासदाने सुचवलं की वाघ असलेल्या टप्प्यात वेळेचे विक्रम चांगले नोंदवले जातील. सूचना चांगली होती, पण समारोपाला किती स्पर्धक उरतील याचा अंदाज येईना, आणि जेवणाची ताटं सांगायची होती.

दारूबंदीच्या काळात मात्र आमच्याकडे लांब पल्ल्याचं सायकलिंग बहरलं होतं. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहेच. चंद्रपुरात २०१५ च्या एप्रिलपासून २०२१ पर्यंत होती. त्या सहा वर्षांत वर्धा नदी ओलांडून वणीकडे जाणारे कित्येक सायकलस्वार तयार झाले. जाताना सरळ रेषेत, येताना नागमोडी. त्यातले काही आमच्याकडे सभासदत्व मागायला आले. आम्ही नम्रपणे नकार दिला. ते आता हौशी राहिले नव्हते.

खरा अपमान आमचा शंकरपटाने केला. झाडीपट्टीत बैलजोड्यांचा पट भरला की हजारोंनी माणूस लोटतो. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा केवढी ओरड झाली. मोर्चे निघाले, विधिमंडळाने कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. बैलांसाठी घटनापीठ बसलं. आणि आम्ही? आमच्यावर कोणी बंदी घालावी इतकीही आमची पत नाही. सचिवाने एकदा सुचवलंही, की स्वतःच कोर्टात जाऊन आपल्यावर बंदी मागावी, म्हणजे लोकांना कळेल की आपण आहोत. कोषाध्यक्षांनी वकिलाच्या फीचा आकडा सांगितला आणि विषय संपला.

सगळ्या समित्यांचे अहवाल जुळवले तेव्हा वर्षातली एकच तारीख आणि एकच जागा मोकळी निघाली. तारीख १५ ऑगस्ट, झेंडावंदन झाल्यावर. जागा, शाळेचं मैदान. लांबी पन्नास मीटर. पन्नास मीटरमध्ये वेगाची शर्यत घेतली तर ती जाहीर होण्याआधी संपेल. तेव्हा आमचे एक निवृत्त मास्तर उठले आणि म्हणाले, "संथ सायकल घ्या ना जी. जो शेवटी पोचंल तो पहिला."

सभा उजळली. मी लगेच आधार दिला, की 'तूर द फ्रान्स'मध्येही शेवटी येणाऱ्याला मान असतो. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो ना, त्यावरून त्याला 'लाल कंदील' म्हणतात, आणि लोक त्याला टाळ्या देतात. अध्यक्ष गहिवरले. मानव विकासापासून रेल्वेपर्यंत, जी यादी काढावी तिच्यात आपले जिल्हे तळाशी शोधायची त्यांना सवय. गडचिरोली जिल्हा कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत तीनशे किलोमीटर लांब, आणि तिथे वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन म्हणून सांगायला एक वडसा. "शेवटून पहिलं येन्याचा आपल्याले सराव हाये," ते म्हणाले. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अकरा पदाधिकाऱ्यांनी एखादा ठराव एकाच चहात मंजूर केल्याची वहीत ही एकमेव नोंद आहे.

नियम सोपे. फक्कीने आखलेल्या तीन फुटांच्या पट्टीतून जायचं, रेषेवर चाक गेलं तर बाद, पाय टेकला तर बाद, खर्रा खाऊन आला तर बाद. या शेवटच्या नियमाने तिसरा हिस्सा स्पर्धक सुरू होण्यापूर्वीच परत गेले.

मुलींच्या गटात पंचांची पंचाईत झाली. मानव विकास कार्यक्रमात आठवीपासूनच्या मुलींना शाळेत जायला सरकारी सायकल मिळते. सगळ्या मुली एकाच गणवेशात, एकसारख्या सायकलींवर, दोन वेण्या वर बांधलेल्या. कोण बाद झाली आणि कोण चालली आहे, हे पंचांना कळेना. बाद झालेली एक जण तीनदा धावली, असा आक्षेप आला. तिचं म्हणणं, ती बहीण होती.

पुरुषांच्या खुल्या गटात आमचे डॉक्टर उतरले. त्यांची सायकल लाखाच्या वरची, आणि बूट असे, की ते पॅडलमध्ये खटकन अडकतात. पाय काढायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. वेगात असताना ही सोय फार चांगली. संथ सायकलीत मात्र पंधराव्या मीटरवर त्यांचा तोल गेला, टाच फिरेना, आणि डॉक्टर सायकलीसकट, झाड तोडल्यावर पडतं तसे, हळूहळू आणि पूर्ण पडले. पंचांनी शिट्टी मारली. डॉक्टर आडवे पडूनच म्हणाले, "नियम वाचा. पाय टेकला तर बाद. माझा पाय अजून पॅडलमध्येच आहे. खांदा टेकला आहे." नियमावली मागवली. खांद्याचा उल्लेख नव्हता. हे प्रकरण कार्यकारिणीपुढे आजही प्रलंबित आहे. तांत्रिकदृष्ट्या डॉक्टर अजून शर्यतीत आहेत, आणि अजून पोहोचले नसल्यामुळे तेच आघाडीवर आहेत.

त्यांना वगळून पाहिलं तर जिंकले ते एक निवृत्त पोस्टमन. काळी उंच सायकल, मागच्या मडगार्डला लाल रंगाचा जुना पुसट पट्टा. बाकी सगळे लटपटत, शिव्या देत, ब्रेक दाबत चालले होते. हे मात्र हँडल जरासं तिरकं धरून, अर्धं पॅडल पुढे, अर्धं मागे, असे उभे होते, की सायकल उभी आहे की चालते आहे ते सावलीवरून ओळखावं लागत होतं. बाकीचे पोहोचून पाणी पिऊन आले तरी ते तीस मीटरवर होते. मध्येच त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. लोक ओरडत होते, "थांबा! थांबा!", आणि शर्यतीत असा जल्लोष मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

बक्षीस घेताना त्यांना विचारलं, हे जमलं कसं. ते म्हणाले, "तीस वर्सं घरोघरी पत्र देल्लं जी. दर घरी उतरत बसलो असतो तं पेन्शनपर्यंत एक गाव पुरं झालं नसतं."

बक्षिसाचं मात्र आमचं ऐन वेळी फसलं. ढाल मागवलेली होती, ती ज्या एसटीत ठेवली ती पुढच्या गावी निघून गेली. कोषाध्यक्षांच्या पेटीत रोख रक्कम सत्तर रुपये. टाळ्या थांबत चालल्या होत्या. अध्यक्षांनी इकडे-तिकडे पाहिलं, आणि संघटनेची एकमेव स्थावर-जंगम मालमत्ता, म्हणजे तो पंप, उचलून पोस्टमनकाकांच्या हातात दिला. काकांनी तिथेच आपल्या पुढच्या चाकात चार फुसके मारून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि घरी गेले. या वेळी मात्र वेगाने.

यंदाही शर्यत १५ ऑगस्टलाच आहे, झेंडावंदनानंतर. नाव नोंदणी मैदानावर, प्रवेश फी नाही, पोहे आहेत. बूट साधे घाला. आणि पंप घरून आणा.